साच्यासमोर उभा माणूस

आमच्या घरात घड्याळाला फारसा मान नव्हता. भिंतीवर एक होतं, बंद पडलं तर महिना महिना बंदच राहायचं. वेळ सांगायला मिलचा भोंगा होता. पण आप्पांच्या तोंडी 'घड्याळवाला' हा शब्द आला की तो शिवीसारखा यायचा. साचे म्हणजे मिलमधले माग; त्या साचेखात्यात हातात स्टॉपवॉच घेऊन उभा राहणारा तो घड्याळवाला. तुटलेली तार सांधायला किती सेकंद, धोट्यातली कांडी बदलायला किती, एका साच्याकडून दुसऱ्याकडे जायला किती, हे सगळं तो लिहून घ्यायचा. आप्पा विणकर होते, चार साचे सांभाळायचे. मी पुढे शिकलो आणि तोच घड्याळवाला झालो. माझं घड्याळ मिलमध्ये चाललं नाही, नगरपालिकांच्या बांधकाम खात्यांत चाललं, एवढाच फरक.

माझं काम थोडक्यात असं. एखाद्या शहराच्या बांधकाम खात्याला नेमकी किती माणसं लागतात, आहेत ती पुरतात का, की जास्त आहेत, हे कामाच्या मोजणीवरून सांगायचं. सरकारी भाषेत या हिशेबाच्या शेवटी जो तक्ता तयार होतो त्याला आकृतिबंध म्हणतात. त्यात मंजूर पदं, भरलेली पदं आणि रिक्त पदं असे तीन रकाने असतात. नगर अभियंता सगळ्यात वर, मग उपअभियंता, शाखा अभियंता, कनिष्ठ अभियंता, अवेक्षक, मुकादम आणि तळाला बिगारी. या तक्त्याकडे वर्षानुवर्षं पाहिल्यावर माझी खात्री झाली आहे की, खातं किती नीट चालतं हे त्यातल्या तीन आकड्यांवरून कळत नाही. ते ज्यावरून कळतं, त्याला या तक्त्यात रकानाच नाही.

परवा सकाळी सोलापुरात सात रस्ता चौकाकडे चाललो होतो. रस्त्याच्या कडेला खड्डे बुजवणारी गँग उभी होती. सहा माणसं, एक मुकादम. एक जण खड्ड्याच्या कडा पहारीने चौकोनी कापत होता, बाकीचे उभे. शेजारून स्कूटरवर जाणारे एक गृहस्थ वेग कमी करून मला म्हणाले, "बघा, सहा जण आलेत आणि काम एकटा करूलालाय." ते निघून गेले. मी मात्र तिथेच थांबलो, कारण हे वाक्य मी माझ्या कामाच्या पहिल्या दोन वर्षांत वेगळ्या शब्दांत अहवालांत लिहिलेलं आहे.

अर्ध्या तासाने गरम मालाचा टेम्पो आला. मग जे झालं ते त्या गृहस्थांनी पाहायला हवं होतं. एकाने खड्डा झाडून सैल खडी आणि माती काढली, दुसऱ्याने तळाला आणि कडांना डांबराचा पातळ हात दिला, दोघांनी फावड्याने माल ओढला, एकाने तो रस्त्याच्या पातळीहून जरा वर ठेवून सारखा केला, एकाने लगेच माल दाबायला धुमस चालवला आणि मुकादम हात वर करून गाड्या वळवत होता. घाई असते ती मालाची. तो शंभर अंशांच्या आसपास उतरला की नीट दबत नाही, आणि न दबलेला खड्डा पहिल्या पावसात उखडतो. त्या दहा-पंधरा मिनिटांत सहाऐवजी चार माणसं असती तर शेवटचे दोन खड्डे गार मालाने भरले गेले असते. अर्धा तास उभी राहिलेली माणसं या पंधरा मिनिटांसाठी उभी होती. घड्याळ त्यांना 'रिकामी' म्हणतं. मीही तेच म्हणत होतो.

आप्पांना हे मिलमध्ये आधीच कळलेलं होतं. विणकर साच्यांसमोर बहुतेक वेळ उभाच असतो. साचे चालू असतात, तो बघत असतो. तार तुटली की साचा थांबवायचा, तार सांधायची, पुन्हा चालू करायचा. मालकाच्या नजरेला तो उभा माणूस म्हणजे वाया जाणारा पगार. म्हणून 1928 साली मुंबईच्या गिरण्यांत विणकराला दोनऐवजी तीन साचे द्यायचा प्रयत्न झाला, आणि त्या वर्षीच्या मोठ्या संपामागच्या कारणांत हे एक कारण होतं. या योजनांचं नावच 'एफिशिअन्सी' असं होतं. त्या शब्दाचा आपल्याकडच्या कामगाराला झालेला पहिला परिचय हा असा झाला. त्यामुळे मी एखाद्या हजेरीशेडमध्ये कागद घेऊन शिरलो की बिगाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे येतं, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

एकदा कॉलेजच्या सुट्टीत मी आप्पांना कामाच्या मोजणीचं पुस्तकी गणित समजावत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझे दोन साचे एकदम थांबले तर?" मी म्हणालो, एक आधी सुरू कराल, मग दुसरा. "मग दुसरा काय करतो तोवर?" थांबतो. "आणि तू मला आठ साचे दिलास तर किती थांबतील?" पुढे त्यांनी काही सांगितलं नाही. साचे वाढवले की विणकर अखंड कामात दिसतो आणि साचे जास्त वेळ बंद राहतात, हे मी मग कागदावर सोडवलं. कामात असलेला माणूस आणि चालू असलेला साचा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पगार माणसाला द्यायचा असला तरी कापड साच्यावर निघतं.

हे गणित बांधकाम खात्यालाही जसंच्या तसं लागू पडतं. तिथे साचा म्हणजे शहर. तक्रारी, फुटलेली चेंबरं, खचलेल्या साइडपट्ट्या ठरलेल्या वेळी रांगेत येत नाहीत. कधी चार दिवस काही नाही, कधी एका सकाळी बारा. अशा कसंही येणाऱ्या कामाचं साधं गणित मांडलं तर असं दिसतं: गँग निम्मा वेळ कामात असेल, तर एका दुरुस्तीला जेवढा वेळ लागतो सरासरी तेवढंच थांबावं लागतं. ती 80 टक्के कामात असेल तर चौपट थांबावं लागतं. 90 टक्क्यांना नऊपट, 95 ला एकोणीसपट. 90 वरून 95 वर नेणं कागदावर पाच टक्क्यांची सुधारणा दिसते, रस्त्यावर मात्र थांबण्याचा वेळ दुपटीहून जास्त होतो. 'माणसं जेमतेम पुरतात' असं जेव्हा एखादा अधिकारी समाधानाने सांगतो, तेव्हा मला आप्पांचे बंद पडलेले साचे ऐकू येतात.

सोलापुरात राहून या गोष्टीचा विचार करायला फार शोधावं लागत नाही. 1 मे 1964 ला इथली नगरपालिका महानगरपालिका झाली. त्याच वर्षी केंद्र सरकारने आपल्या कचेऱ्यांतली माणसं मोजण्यासाठी स्टाफ इन्स्पेक्शन युनिट उभं केलं, म्हणजे 'किती माणसं लागतात' हा प्रश्न तेव्हा देशभर विचारला जाऊ लागला होता. पण शहर एका जागी थांबत नाही. 1992 च्या हद्दवाढीत सोलापूर सुमारे 33 चौरस किलोमीटरवरून 178 चौरस किलोमीटरवर गेलं. बाळे, शेळगी, केगाव, देगाव, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे ही गावं शहर झाली. क्षेत्रफळ साडेपाच पटीच्या जवळ गेलं, तर मधल्या डेपोपासून कामापर्यंतचं सरासरी अंतर सव्वादोन पटीहून जास्त होतं. रस्ता तोच, खड्डा तोच, माणूसही तोच. फक्त त्याचा जाण्यायेण्यातला वेळ दुप्पट. लोकसंख्येमागे अमुक अभियंते, किलोमीटरमागे तमुक मजूर, असे ठोकताळे लावणाऱ्याला हा वेळ दिसत नाही. टेम्पोत बसलेल्या सहा माणसांचा तास म्हणजे सहा तास, हे हिशेबात धरायची सवय मला स्वतःला फार उशिरा लागली.

आणि इथली माती. विजापूर रोडच्या बाजूला ज्यांनी घर बांधलं आहे त्यांना काळ्या मातीबद्दल वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगवटा. रस्त्याखाली ही माती असली आणि ती पुरेशी काढून मुरूम दाबलेला नसला, की वरचं डांबर कितीही चांगलं असो, दर वर्षी हलतं. कोकणातला अभियंता जुलैला घाबरतो. आपल्याकडे जुलै अनेकदा कोरडा जातो आणि खरा पाऊस सप्टेंबरमध्ये, परतीला येतो. त्यामुळे ज्या महिन्यात इतर गावांत डागडुजी उरकत येते, त्या महिन्यात इथली सुरू होते, आणि दिवाळी उलटेपर्यंत पुरते. मग जानेवारी. संक्रांतीला सिद्धेश्वराचे सात नंदीध्वज निघतात. ती उंच, जड काठी तोल सांभाळत वाहणाऱ्या माणसाच्या पायाखाली खड्डा नको, हे सोलापुरात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. मिरवणुकीचा मार्ग नीट करणं हे दर वर्षीचं, तारीख ठरलेलं काम आहे. वर्षभराची सरासरी काढणाऱ्या तक्त्यात सप्टेंबर आणि जानेवारी वितळून जातात. माणसं सरासरीवर नेमली तर एप्रिलमध्ये ती जास्त वाटतात आणि ऑक्टोबरमध्ये निम्मी.

नेमकी मोजून माणसं नेमली तर भागत नाही, हे मिलला माहीत होतं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. भल्या पहाटे मिलच्या दारात बदली कामगार उभे राहायचे. रोज काही माणसं येणार नाहीत, कुणी आजारी, कुणाच्या घरी लग्न, हे मिल गृहीत धरून चालायची, आणि त्या जागी बदली आत घ्यायची. बदलीवाल्याच्या जिण्याचं मी गुणगान करणार नाही. आमच्या गल्लीत कितीतरी घरं 'आज घेतलं का?' या एका प्रश्नावर जेवायची किंवा उपाशी राहायची. पण गैरहजेरी ही चूक नसून हिशेबाचा भाग आहे, एवढं त्या व्यवस्थेला कळत होतं. आकृतिबंधाला कळत नाही. तो एका पदासमोर एक माणूस लिहितो. वर्षाच्या 365 दिवसांतून 52 रविवार, वीसेक सणसुट्ट्या, 8 किरकोळ रजा आणि 30 अर्जित रजा काढल्या की 255 दिवस उरतात. आजारपण, प्रशिक्षण, निवडणुकीचं काम अजून काढलेलंच नाही. पाच जागा वर्षभर रोज भरलेल्या हव्या असतील तर सातहून जास्त माणसं लागतात. पाचच नेमली तर? मुकादम रजाच घेत नाही. मी असे मुकादम पाहिले आहेत, निवृत्तीपर्यंत तीनशे दिवसांची अर्जित रजा जशीच्या तशी शिल्लक असलेले. लोक त्याला बचत म्हणतात. काम कुणाकडे सोपवून रजेवर जावं असा माणूसच त्यांना नव्हता.

कनिष्ठ अभियंत्याची गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. एकाच्या जागेवर दोघांचं काम आलं की सरकारी शब्द येतो 'अतिरिक्त कार्यभार'. या शब्दाने रिक्त पद झाकलं जातं. फाइल पुढे सरकत राहते, सह्या होत राहतात, म्हणून वरच्या माणसाला वाटतं की चाललंय की. पण दिवसाचे तास तेवढेच असतात, काहीतरी गळतंच. काय गळतं ते मी एका गावी एका तरुण कनिष्ठ अभियंत्यामागे आठवडाभर फिरून पाहिलं. माहिती अधिकाराच्या अर्जाला तीस दिवसांची मुदत आहे, ते गळत नाही. ठेकेदाराचं देयक अडलं तर तो दारात येऊन बसतो, ते गळत नाही. दरसूचीवरून अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरीचा प्रस्ताव, सभेच्या प्रश्नांची उत्तरं, यातल्या प्रत्येकामागे कुणीतरी विचारणारं असतं. ज्यामागे कुणी नसतं ते एकच, सकाळी नुसतं रस्त्यावरून फिरून येणं. मग ते जातं.

आणि त्याच्यासोबत दुसरं एक जातं, ज्याची किंमत फार मोठी आहे. रस्त्याचा खालचा थर वरचा थर टाकण्याआधी मोजावा लागतो. मुरूम किती इंच, खडी किती दाबलेली, हे त्या सकाळीच पाहता येतं. दुपारी ते झाकलं जातं आणि नंतर मोजमाप पुस्तिकेत जो आकडा लिहायचा तो विश्वासावर लिहावा लागतो. त्या सकाळी अभियंता दुसऱ्या प्रभागात अडकलेला असला, तर पुढची दहा वर्षं त्या रस्त्याला गँग लागत राहते. एका अभियंत्याचा वाचवलेला पगार सहा बिगाऱ्यांच्या मस्टरवर कधी बाहेर येतो हे कुणी जोडून पाहत नाही, कारण दोन्ही हिशेब दोन वेगळ्या टेबलांवर होतात.

पैशाची अडचण मी नाकारत नाही. महापालिकांच्या आस्थापना खर्चावर, म्हणजे मुख्यतः पगारावर, राज्य शासनाची 35 टक्क्यांची मर्यादा आहे आणि ती घालण्यामागचा हेतू मला मान्य आहे. सगळा कर पगारात गेला तर रस्ता कशाने करायचा? पण टक्केवारीला वर आणि खाली असे दोन आकडे असतात. वसुली वाढली नाही की आहेत तीच माणसं 'जास्त' होतात. आणि कंत्राटावर घेतलेल्या माणसाचा पैसा बहुतेक वेळा दुसऱ्याच लेखाशीर्षात पडतो, तेव्हा आस्थापना खर्च उतरलेला दिसतो, काम करून घ्यायचा खर्च उतरलेला असतोच असं नाही. शिवाय प्रत्येक नवी वस्तू सांभाळायला माणूस मागते. 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आपलं नाव आलं तेव्हा मी पेढे वाटले होते, आणि त्या रात्री मनात आलं होतं ते हेच, की नव्या रस्त्याचं बांधकाम एकदा होतं, झाडणं-पाहणं कायमचं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका शहराच्या बांधकाम खात्याचा अभ्यास माझ्याकडे होता. गाव सोलापूर नव्हे, आणि नाव सांगण्याचं कारण नाही, कारण चूक माझी होती. त्या खात्यात अनुरेखकाचं, म्हणजे नकाशे काढणाऱ्याचं, एक पद होतं. खिडकीशी टेबल, मागे लोखंडी रॅकवर गुंडाळलेले जुने अमोनिया प्रिंट, काही ट्रेसिंग कापडावरचे. निवृत्तीला वर्ष राहिलेलं एक गृहस्थ तिथे बसायचे. मी तीन आठवडे नोंदी घेतल्या. त्या काळात त्यांनी एकही नकाशा काढला नाही. नकाशे आता संगणकावर होत होते. मी अहवालात लिहिलं: पद अनावश्यक, निवृत्तीनंतर मृत संवर्गात टाकावं, म्हणजे पुन्हा भरू नये. खात्याने माझं ऐकलं.

माझ्याच नोंदींत एक गोष्ट होती, जी मी लिहिली आणि वाचली नाही. रोज चार-सहा माणसं त्या टेबलाशी येऊन जात. उभ्या उभ्या. मुकादम, पाणीपुरवठ्याचा चावीवाला, एकदा केबल टाकणाऱ्यांचा सुपरवायझर. "काका, देवळाच्या मागनं लाइन कुठनं जाते?" काका रॅककडे वळायचेसुद्धा नाहीत. "डावीकडनं. पण पिंपळापाशी वळते, जुनी आहे, हाताने खणा." अर्धं मिनिट. माझ्या तक्त्यात एका मिनिटाखालच्या नोंदी 'इतर' मध्ये जात होत्या.

ते निवृत्त झाले. त्यानंतरच्या पावसाळ्याआधी रस्ता रुंद करताना पिंपळापाशी जेसीबीने मुख्य जलवाहिनी फोडली. पाच दिवस त्या भागाला पाणी नव्हतं. मी कळल्यावर गेलो. बायका टँकरच्या रांगेत होत्या, आणि त्यांच्यात एक आजी घागर पायाशी ठेवून बसली होती. तिला मी कोण हे माहीत नव्हतं. मी तिची घागर उचलून रांगेत पुढे नेत राहिलो. त्याहून जास्त काही करता आलं नाही.

घरी येऊन आप्पांना सांगितलं. मिल बंद होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, ते अंगणात खाटेवर बसलेले असायचे. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "साचा चालू असताना विणकर काय करतो, हे त्या घड्याळवाल्याने मला कधी विचारलं नाही. तो फक्त साचा थांबायची वाट बघायचा." मग थोड्या वेळाने, "तू विचारत जा."

तेव्हापासून माझ्या नोंदीच्या फॉर्ममध्ये एक रकाना जास्त आहे: 'कुणीही सांगितलं नसताना केलेलं'. पहिल्यांदा लोक तो कोरा सोडतात. त्यांना वाटतं, यात काही लिहिलं तर 'हे कुणी सांगितलं होतं?' असं विचारलं जाईल. तीन-चार दिवस हजेरीशेडमध्ये चहा घेत बसलं की मग भरायला लागतात. गेल्या महिन्यात एका गावच्या मुकादमाने लिहिलं होतं, अक्षर मोठं, ओळीबाहेर गेलेलं: 'सकाळी 8 ते 8.30. शाळेमागच्या नाल्याच्या तोंडातला कचरा काढला. तक्रार नव्हती.'

तो अर्धा तास कुठल्या कामाखाली धरायचा हे मी अजून ठरवलेलं नाही. गँगच्या सात जणांचा अर्धा तास, म्हणजे साडेतीन तास. 'नालेसफाई' मध्ये घातला तर तो तक्रारींच्या संख्येने भागला जाईल, आणि तक्रार तर नव्हती. तूर्त त्याला तक्त्यात वेगळी ओळ दिली आहे. उद्या सकाळी पुन्हा त्या हजेरीशेडला जायचं आहे, साडेसहाची एसटी आहे.